झाकलेलं ताट

कॉलेजच्या मुलांच्या वसतिगृहात जेवण वाढणारी माणसं सगळ्यांना दिसतात, ताटं परत घेणारं माणूस कुणालाच दिसत नाही. भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक चौकोनी खिडकी, तिच्याखाली पत्र्याचा ओटा आणि पलीकडे दोन ओले हात. मुलं ताट ओट्यावर सरकवायची आणि पाठ फिरवायची. ते हात एका बाईचे आहेत, तिचे गुडघे दुखतात, तिची मुलगी बालवाडीत शिकवते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

तिला सगळे आत्या म्हणत. फार वर्षांपूर्वी एका मुलाला ती त्याच्या आत्यासारखी दिसली होती. तो शिकून निघून गेला, हाक मात्र इथेच राहिली. पुढे मॅनेजरसाहेबही तिला आत्याच म्हणू लागले, आणि ते तर तिच्याहून चार वर्षांनी मोठे होते.

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, आत्या उष्ट्यावरून मुलाची करायची. डाळ-भात संपलाय आणि काकडी तशीच आहे, म्हणजे दात दुखतोय. दोन मित्रांची ताटं पाठोपाठ आली आणि दोन्ही अर्धवट, म्हणजे टेबलावर भांडण झालंय. भात चिवडून चिवडून पसरलाय, म्हणजे घरून फोन आलाय आणि बातमी काही बरी नाही. भाज्यांचं मात्र सांगायला नको. दुधी, पालक, गाजर, सगळं जसं वाढलं तसं परत यायचं आणि खालच्या बादलीत जायचं. मुलं नंतर गेटाबाहेरच्या गाडीवर तळलेलं खायची आणि रंगीत पाणी प्यायची.

हे सगळं तिला कळायचं, पण ती बोलायची नाही. आपण बरं, आपलं काम बरं, हा तिचा जुना नियम.

त्या वर्षी एक उंच मुलगा होता, दुसऱ्या वर्षाचा, भिंतीच्या कडेकडेने चालणारा. तो गर्दी ओसरल्यावर यायचा, दीडच्या पुढे. त्याचं ताट आलं की आधी आवाज यायचा, कारण त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं असायचं. झाकलेलं. आत सगळं वाढलं तसं असायचं. भाताला बोटही लागलेलं नसायचं. "सॉरी, आत्या," एवढंच तो म्हणायचा. अन्न वाया जातंय म्हणून शरमेने झाकत असावा.

पहिल्या दिवशी आत्याला वाटलं, पोट बिघडलं असेल. चौथ्या दिवशी वाटलं, बाहेर खात असेल. आठव्या दिवशी तिने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. सांगावं का कुणाला, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, एवढे शिकलेले लोक आहेत इथे, ताटं धुणारीने काय सांगायचं? तिने ताट उघडलं, बादलीत उपडं केलं आणि पुढचं हातात घेतलं. असे एकवीस दिवस गेले.

बाविसाव्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या जिन्यावर कोसळला. दोन दिवस दवाखान्यात होता, तिसऱ्या दिवशी त्याचं हृदय थांबलं.

वॉर्डन खानावळीत विचारायला आले. "मुलगा जेवायला येत होता का?"

मॅनेजरसाहेबांनी वही उघडली. "रोज येत होता. ही बघा, रोजची सही."

सही खरीच होती, ताट तो रोज घ्यायचा. आत्या खिडकीपलीकडे साबणाच्या पाण्यात हात घालून उभी होती. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी ती गप्प राहिली. वॉर्डनने तिच्याकडे पाहिलंही नाही.

दोन दिवसांनी मुलाची आई त्याचं सामान न्यायला आली. ती खानावळीत आली आणि तो कुठे बसायचा ते विचारू लागली. ते कुणालाच सांगता येईना. मग ती खिडकीशी आली, वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "बाई, इथलं जेवण आवडायचं का हो त्याला?"

"हो," आत्या म्हणाली. "आवडायचं."

बाईच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते पाहून आत्याने मान खाली घालून पुढचं ताट पाण्यात बुडवलं.

त्यानंतर तो आवाज सुरू झाला. दीड वाजून गेला, हॉल रिकामा झाला, पंखे बंद झाले की तिच्या पाठीमागे ओट्यावर ताट टेकल्याचा आवाज यायचा, आणि त्या ताटावरचं ताट जरासं हलल्याचा. ती वळायची. ओटा कोरडा असायचा. भरदिवसा, मागच्या खिडकीतून लख्ख ऊन आत येत असताना. सुरुवातीला ती "कोण आहे?" असं विचारायची, मग विचारणं सोडलं. घरीही तिने भांड्यांवर ताटली झाकणं बंद केलं, फडकं टाकायला लागली.

"आई, भातावर फडकं का? वाफ जाते ना," मुलगी म्हणायची.

"जाऊ दे."

अशी तीन वर्षं गेली. मग कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या मुलांची तपासणी केली. निम्म्याहून जास्त मुलांचं रक्त कमी भरलं. कुणाला जिना चढताना दम लागायचा, कुणाच्या हिरड्यांतून रक्त यायचं. डॉक्टरीणबाईंनी हॉलमध्ये भाज्या-फळांचं मोठं चित्र लावलं आणि खाली उपदेश लिहिला. दोन दिवसांत त्यातल्या भोपळ्याला मिश्या फुटल्या. उपदेश कुणी वाचला नाही.

आत्याने घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलगी बालवाडीच्या वह्यांवर तारे चिकटवत बसली होती.

"आमच्याकडे गाजर खाल्लं की एक तारा," ती म्हणाली. "एका ताऱ्यासाठी पोरं दुसऱ्याचंही गाजर खातात."

"ती एवढीशी असतात गं. हे घोडे झालेत."

"आई, मुलगे मोठे होतात ते फक्त अंगाने. दोन गट पाड आणि एक हरेल असं सांग. बघ काय होतं ते."

तीन वर्षांत पहिल्यांदा आत्याला काहीतरी करावंसं वाटलं. तिने बाटल्यांची झाकणं जमवायला सुरुवात केली. महिन्याभरात पिशवी भरली. मग काचेच्या तीन मोठ्या बरण्या घेतल्या आणि मॅनेजरसाहेबांसमोर ठेवल्या. वसतिगृहाला तीन मजले, म्हणून तीन बरण्या. ज्याच्या ताटात भाजी उरली नाही, त्याच्या मजल्याच्या बरणीत एक झाकण. फळाची साल ताटात दिसली की आणखी एक. शनिवारी मोजायचं. रविवारी हरलेल्या मजल्याने अंगात ॲप्रन घालून जिंकलेल्या मजल्याला वाढायचं.

"पोरं हसतील, आत्या," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"हसू देत. हसताना तोंड उघडतं, तेवढ्यात घास जाईल."

पहिल्या आठवड्यात खरंच हसली. दुसऱ्या रविवारी पहिल्या मजल्याने तिसऱ्या मजल्याला वाढलं, आणि तिसऱ्यावाल्यांनी मुद्दाम पाच-पाच वेळा पाणी मागितलं. तिथून सगळा रंग पालटला. दुधी संपायला लागला. पालकाच्या पातेल्यापाशी रांग लागली. लबाडीही सुरू झाली. कुणी भाजी खिशात घातली आणि धोब्याच्या शिव्या खाल्ल्या. केळ्याची एकच साल तीन ताटांवरून फिरून आली. आत्याने ती हातात धरून विचारलं, "ही सकाळपासून किती जणांनी खाल्ली?" सगळा हॉल हसला. आता मुलं खिडकीशी थांबायची, वाद घालायची. कधी नव्हे ती आत्या त्यांना दिसू लागली होती.

आणि दीडनंतरचा आवाज थांबला. निदान तिला तसं वाटलं.

दुसऱ्या मजल्याचा पुढारी होता पहिलवान. नाव त्याला शोभायचं. खांदे दारात मावत नसत, पोटात कायम कावळे ओरडत असत, आणि जेवण झालं की चारही बोटं ताटावरून अशी फिरवायचा की मागे अर्ध्या चंद्रासारखी खूण उरायची. आत्याने ती डोळे मिटून ओळखली असती. त्याच्या शेजारी बसायचा प्रोफेसर, चष्मेवाला, हळू बोलणारा, पहिल्या वर्षाचा मुलगा. जाड स्वेटर घालायचा. त्याचं ताट रोज लख्ख. रोज एक झाकण, बहुतेकदा दोन. "दुसऱ्या मजल्याचा हुकमाचा एक्का," असं पहिलवान त्याला मिरवायचा. आत्या झाकण टाकताना "शाब्बास" म्हणायची आणि प्रोफेसर मान खाली घालून जायचा. पाच आठवडे दुसरा मजला जिंकत होता.

पुढच्या आठवड्यातला बुधवार होता. ओट्यावर पाठोपाठ दोन ताटं आली. पहिलं पहिलवानाने ठेवलं, दुसरं प्रोफेसरने. आत्याने झाकण उचललं, बरणीवर धरलं, आणि हात तसाच राहिला. दोन्ही ताटांवर अर्धा चंद्र होता. तीच चार बोटं, तेच वळण, करंगळीची रेघ तशीच जरा बाहेर गेलेली. एकाच हाताने लिहिलेल्या दोन ओळी जशा ओळखू येतात, तसं ते होतं.

तिने मान वर केली. प्रोफेसरचा हात अजून ओट्यावर होता. स्वेटरच्या बाहीतून मनगट दिसत होतं.

तेव्हा पाठीमागे आवाज आला. ताटावरचं ताट हललं.

आत्या वळली. कुणी नव्हतं, नळ ठिबकत होता तेवढाच. तिने पुन्हा त्या दोन ताटांकडे पाहिलं. आधीच्या मुलाने निदान भरलेलं ताट तिच्या हातात आणून दिलं होतं. या वेळी ते तिला दिसलंच नाही, कारण तिनेच रिकाम्या ताटाला बक्षीस लावलं होतं. ज्याला जेवण जात नाही, त्याचं दुखणं झाकायला तिने अख्खा मजला कामाला लावला होता, आणि वर पाच आठवडे शाब्बास म्हणत होती.

तिने हात पुसले, रबरी ॲप्रन खुंटीला लावला आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळसा घालून हॉलमध्ये गेली. जेवणाच्या वेळी ती हॉलमध्ये कधी आलीच नव्हती. मुलं बघत राहिली. मॅनेजरसाहेब धावत आले.

"आत्या, खिडकी सोडून कुठे? ताटं साचतायत."

"साचू देत, साहेब."

पहिलवान आणि प्रोफेसर पुन्हा टेबलाशी येऊन बसले होते. आत्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"किती दिवस झाले?" तिने प्रोफेसरला विचारलं.

"कशाला, आत्या?"

"जेवून."

पहिलवान हसला. "रोज जेवतो की. आमचा एक्का आहे तो."

"तुझी बोटं मला ओळखू येतात," आत्या म्हणाली. "तू जरा गप्प बस."

पहिलवानाने उजवा हात टेबलाखाली घेतला. मग म्हणाला, "त्याला भूक नसते हो, आणि मला दोघांची असते. वाटलं, झाकणही मिळतं, अन्नही वाया जात नाही. मी काही वाईट केलं का?"

प्रोफेसर चष्मा काढून स्वेटरला पुसत होता. चष्म्याशिवाय त्याचे डोळे खोल गेलेले दिसत होते.

"घास तोंडात फिरतो," तो म्हणाला. "खाली उतरत नाही. दोन विषय राहिलेत माझे. घरी सांगितलं नाही. सुट्टीत निकाल लागला, तेव्हापासून असंच आहे. चहा जातो. सकाळी एखादं बिस्किट."

"कुणाला सांगितलंस का?"

"कुणी विचारलंच नाही. ताट रिकामं दिसायचं ना."

तो टोमणा मारत नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य आत्याच्या फार आत गेलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि जी गोष्ट तीन वर्षांत मुलीलाही सांगितली नव्हती, ती या दोन मुलांना सांगितली. एकवीस दिवस, एकवीस ताटं, मॅनेजरसाहेबांची वही, आणि ती आई. सांगताना ती रडली नाही. पहिलवान मात्र उठून पाठमोरा उभा राहिला.

"तेव्हा मी बोलले नाही," ती म्हणाली. "आता ऊठ. डॉक्टरीणबाईंकडे जायचंय."

"आत्ता? तीनला प्रॅक्टिकल आहे."

"असू दे."

तो उठला आणि उभ्या उभ्याच पांढरा पडला. पहिलवानाने त्याला धरलं, मग उचललंच. नंतर पहिलवान कितीतरी जणांना सांगायचा, की उचलताना मी जोर लावला होता, आणि तो जोर उरला.

डॉक्टरीणबाईंनी लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रक्तातले क्षार फार खाली गेले होते. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर हृदयाने कधी दगा दिला असता ते सांगता आलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकताना आत्या भिंतीकडे बघत होती. आधीच्या मुलाला नेमकं काय झालं होतं, ते तिला तिथे, दुसऱ्याच्या खाटेपाशी कळलं.

संध्याकाळी वडील आले. शिंपी होते, दुकानातून तसेच निघालेले, गळ्यात मापाची टेप अजून लोंबत होती. मुलगा झोपलेला पाहून ते बाकावर आत्याशेजारी बसले.

आत्याने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. झाकणं, बरण्या, तिचं शाब्बास, सगळं सांगितलं. "चूक माझी आहे," ती म्हणाली.

वडिलांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सुट्टीत त्याने शर्ट आणून दिला," ते म्हणाले. "म्हणाला, बाबा, जरा आत घ्या. मी दोन बोटं आत घेतला. महिन्याने घरी आला तेव्हा आणखी दोन. माझ्या हाताला कळलं होतं, ताई. वाटलं, हल्ली असंच घालत असतील. लेकाला विचारायला मी बिचकलो, तर परक्या मुलाला तुम्ही कसं विचारणार?"

"विचारायला हवं होतं."

"हो," वडील म्हणाले. "दोघांनी."

प्रोफेसर नऊ दिवस दवाखान्यात होता. राहिलेल्या दोन विषयांचं वडिलांना तिथेच कळलं, आणि त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग ते त्याला घरी घेऊन गेले. ते वर्ष गेलंच.

इकडे आत्या वॉर्डनच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "तीन वर्षांपूर्वीच्या त्या मुलाबद्दल सांगायचंय. तो जेवत नव्हता. मला माहीत होतं."

"आता त्याचा काय उपयोग?" वॉर्डन म्हणाले.

"तुम्ही लिहून तरी ठेवा."

त्यांनी लिहून घेतलं. आत्याने आईचा पत्ता मागितला तेव्हा त्यांनी जरा आढेवेढे घेतले, पण दिला. रविवारी मुलीने कागद घेतला आणि आत्या सांगत गेली. मुलगी मध्येच थांबली, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा लिहू लागली. पत्र गेलं. उत्तर आलं नाही. ते यावं असा आत्याचा हट्टही नव्हता. पण खानावळीत पोस्टमन शिरला की तिचे हात पाण्यात थांबायचे.

बरण्या काढून टाकाव्यात असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त सुधारतंय मुलांचं, खेळ मोडू नका, नियम बदला. मग नियम बदलले. ताट लख्ख असलंच पाहिजे असं नाही. टेबलावरचा शेवटचा जेवून उठेपर्यंत सगळे बसले तर झाकण. आणि खिडकीशी येऊन ज्याने स्वतःहून सांगितलं, "आत्या, आज जेवण जात नाही," त्याच्या मजल्याला दोन झाकणं.

पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्याचे अकरा जण रांगेत उभे राहिले. "आत्या, आज दुधी जात नाही."

"दुधी कुणालाच जात नाही. पुढे सरका."

पण बाराव्याने काहीच म्हटलं नाही, नुसतं ताट ठेवलं आणि उभा राहिला. आत्याने ॲप्रन काढला आणि बाहेर आली. त्याची आजी गेली होती. पुढच्या काही महिन्यांत असे चौघे आले. एकाला डॉक्टरीणबाईंकडे पाठवावं लागलं, बाकीच्यांना कुणीतरी शेजारी बसलेलं पुरलं. पहिलवान स्वतःच जाऊन बसायचा, आणि आता आपल्याच ताटातलं खायचा.

तो आवाज काही कायमचा गेला नाही. एखाद्या दुपारी, हॉल रिकामा झाल्यावर, अजून यायचा. आत्या त्याला आता घाबरत नव्हती. हातातलं काम ठेवायची, खिडकीतून वाकून हॉलभर नजर फिरवायची, कुणी मागे बसून राहिलंय का ते बघायची आणि मगच पुढचं ताट घ्यायची. कुणाला सांगितलं असतं तर भास म्हणाले असते. ती कुणाला सांगायच्या भानगडीत पडली नाही.

नवं सत्र सुरू झाल्यावर एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून गाजरं खरवडत होती. समोर सावली पडली. प्रोफेसर उभा होता. गाल भरलेले, अंगात नवा शर्ट, खांद्यावर पिशवी. शर्ट बापानेच शिवला होता, शिवणीला दोन बोटं कापड जास्तीचं सोडून.

"आलास?"

"आलो. पहिल्या मजल्यावर खोली मिळालीय. पहिलवान रागावलाय."

"रागावू दे त्याला."

तो पायरीवर बसला, एक गाजर उचललं, उगाच हातात फिरवलं आणि परत ठेवलं. मग हळूच विचारलं, "आज जेवायला काय आहे?"

"दुधी."

प्रोफेसरने असं तोंड वाकडं केलं, की जणू कुणी त्याला कडू काढा पाजलाय. आत्या त्या वाकड्या तोंडाकडे बघत राहिली. हातातली सुरी थांबली होती.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही," ती म्हणाली. "दीडच्या आत ये. गार होतो."